२१ दिवसांचं इंजेक्शन

पेनिड्युरचं, म्हणजे अंगात हळूहळू उतरणाऱ्या पेनिसिलिनचं, व्हायल हातात घेतलं की आधी ते दोन्ही तळव्यांमध्ये धरून गोल फिरवायचं. जोरात हलवलं तर फेस होतो. आतली भुकटी पाण्यात नीट मिसळली की पातळ खळीसारखं पांढरं, जडसर औषध तयार होतं. त्याला जाड सुई लागते. बारीक सुईत ते मध्येच अडकतं, मग सुई काढून पोराला दुसऱ्यांदा टोचावं लागतं, आणि ते पोर पुढच्या खेपेला दवाखान्याच्या फाटकापासूनच रडत येतं. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोल आणि सावकाश द्यायचं. दिल्यावर अर्धा तास बाकावर झोपवून ठेवायचं, नाडी बघत राहायचं. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून मी हे इंजेक्शन सव्वीस वर्षं दिलं.

दर २१ दिवसांनी येणारी ही मुलं लांबून ओळखू यायची. एका पायावर भार देऊन चालायची, कारण मागच्या खेपेचा ठणका डोक्यातून गेलेला नसायचा. आम्ही त्यांना '२१ दिवसवाली' म्हणायचो. रुमॅटिक हृदयरोग हे नाव त्यांच्या कार्डावर असायचं, पण ते वाचता येणारं माणूस त्यांच्या घरात बहुधा नसायचं.

या आजाराची सुरुवात घशातून होते. स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली माळेत ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात. त्यांच्यातला 'अ' गटाचा, पायोजेन्स नावाचा, फक्त माणसाच्या आधाराने जगतो. कधी घशात, कधी कातडीवर. घसा लाल होतो, ताप येतो, जबड्याखाली गाठी येतात आणि चार-पाच दिवसांत सगळं निवळतं. हाच जिवाणू पायाच्या भेगेतून शिरला तर धावरं होतं. खरजेवर बसला तर पू धरतो, आणि पुढे काही मुलांची लघवी काळ्या चहासारखी होऊन तोंड सुजतं. आमच्या आज्या ज्याला बाळंतरोग म्हणायच्या, त्या तापामागेही बऱ्याचदा हाच असायचा. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले, तेव्हा या जिवाणूशी त्या तापाचा संबंध कोणाला ठाऊक नव्हता. १८७९ मध्ये पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर ती मण्यांची माळ काढून दाखवली.

घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांमध्ये दुसरंच काही सुरू होतं. जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं स्वतःच्याच शरीरावर उलटतात, कारण जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आणि आपल्या हृदयातली काही प्रथिनं यांत साम्य असतं. आज गुडघा सुजतो, परवा घोटा, मग कोपर. पाच ते पंधरा वर्षांची मुलं याच्या तावडीत सगळ्यात जास्त सापडतात. हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपेवर वण राहतो. पुढच्या प्रत्येक स्ट्रेप घशाबरोबर नवा झटका येऊ शकतो आणि वणावर वण चढत जातो. २१ दिवसांचं इंजेक्शन बिघडलेली झडप दुरुस्त करत नाही. रक्तात पेनिसिलिन सतत राहावं, जिवाणूला घशात पुन्हा बूड टेकू मिळू नये, एवढ्यासाठी ते असतं.

आता एका मुलीबद्दल सांगते. सहावीत होती, अकरा वर्षांची. तिला पहिल्यांदा आणलं ते सांध्यांसाठी किंवा तापासाठी नव्हे. तिचं अक्षर बिघडलं होतं. आईने दप्तरातून वही काढून माझ्यापुढे धरली. जूनमधल्या पानांवर टपोरं, ओळीला धरून असलेलं अक्षर. ऑगस्टच्या पानांवर रेघोट्या, मध्येच पेन्सिल घसरून कागद फाटलेला. हातातून ताट पडायचं, चेहरा आपोआप वेडावल्यासारखा व्हायचा. शाळेत बाईंनी मुद्दाम करतेस म्हणून हातावर पट्टी मारली होती. "सिस्टर, हिला बाहेरचं झालंय म्हणतेत," आई म्हणाली. देवऋषाकडे दोन वाऱ्या झालेल्या होत्या. आमच्या डॉक्टरांनी मुलीला जीभ बाहेर काढून धरून ठेवायला सांगितलं. ती जीभ दोन सेकंदही बाहेर राहीना, सापासारखी आत-बाहेर होऊ लागली. मग त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. याला कोरिया म्हणतात. मेंदूवर झालेला हा स्ट्रेपचाच परिणाम, आणि मुलींमध्ये जास्त आढळतो. हातांचे झटके दोन-तीन महिन्यांत थांबले. डाव्या बाजूच्या झडपेतून रक्त मागे गळत होतं, ते राहिलं.

तिला इंजेक्शन सुरू झालं ऑगस्टच्या शेवटी. चार डोस अगदी वेळेवर झाले. दिवाळीनंतर आई येऊन म्हणाली, "आमी कारखान्याला चाललाव, पाडव्यालाच येताव." आईबाप ऊसतोडीला जाणारे. मुलगी मागे ठेवायची तर कोणाकडे? आणि धाकट्या भावाला कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, सांभाळायला ती लागणारच होती. मी पेनिसिलिनच्या गोळ्या बांधून दिल्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या. त्या गोळ्या इंजेक्शनाइतक्या खात्रीच्या नसतात हे मला माहीत होतं. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या बाईला दोन वेळच्या गोळीची आठवण कशी राहील, हेही माहीत होतं. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखव, असं मी आईला तीनदा सांगितलं. तिने दाखवलं. तिथे सांगण्यात आलं की हे इंजेक्शन इथे दिलं जात नाही, रिअ‍ॅक्शन येते, तुमच्या तालुक्याला जा. तालुका अडीचशे किलोमीटर लांब होता.

पाच-सहा महिन्यांत आठ इंजेक्शनं बुडाली. गुढीपाडव्यानंतर मुलगी आली तेव्हा पायऱ्या चढताना दोनदा थांबली. दुसरा झटका येऊन गेला होता.

ही एकटी असती तर मी हा लेख लिहिला नसता. माझं म्हणणं असं आहे की दर २१ दिवसांचं हे इंजेक्शन लहर लागली तर द्यायची सोय राहता कामा नये. ज्या मुलाच्या नावावर हा आजार लागला आहे त्याचा तो हक्क असला पाहिजे, राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुठल्याही तालुक्याचं कार्ड असलं तरी. आणि तो हक्क पाळला जातोय की नाही याची माणसागणिक नोंद सरकारने ठेवली पाहिजे.

आज आपण नेमकं उलट करतो. झडप पार निकामी झाली की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उभी राहते. या योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि झडप बदलण्याच्या शस्त्रक्रिया त्यात होतात. चांगली गोष्ट आहे. ज्यांचे प्राण त्यामुळे वाचले ती माणसं मी पाहिली आहेत. योजनेला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण शंभर रुपयांच्या आतलं एक व्हायल ज्या मुलीला वेळेवर मिळालं नाही, तिच्या शस्त्रक्रियेसाठी तेच सरकार लाखांच्या घरातली रक्कम मोजतं, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. वर्षाला सतरा इंजेक्शनं. अकराव्या वर्षी सुरू केलं आणि एकविसाव्या वर्षापर्यंत दिलं तर साधारण १७०. झडपेला इजा झालेली असेल तर वयाच्या चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर द्यावं लागतं. तेवढ्या सगळ्या व्हायल्सची किंमत एका शस्त्रक्रियेपेक्षा कमीच भरते. आणि शस्त्रक्रियेने प्रश्न मिटत नाही. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर, त्यांचं प्रमाण बरोबर आहे का हे बघायला वारंवार रक्ततपासणी, आणि ती तपासणी जिल्ह्याच्या गावाला. २१ दिवसांचं इंजेक्शन त्यानंतरही चालूच राहतं.

शस्त्रक्रिया झाली की फोटो निघतो, लाभार्थ्यांचा आकडा एकाने वाढतो. इंजेक्शन वेळेवर मिळाल्यामुळे जी शस्त्रक्रिया कधी लागलीच नाही, ती कुठल्या रकान्यात लिहायची? माझ्या मते धोरणातली खरी अडचण इथे आहे. टाळलेलं आजारपण दिसत नाही, म्हणून त्यासाठी भांडणारंही कोणी नसतं.

उपाय चालतो की नाही, हा वाद कधीच मिटला आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर १९४९-५० च्या सुमारास घसा आलेल्या सैनिकांना पेनिसिलिन देऊन पाहिलं गेलं. घसा दुखू लागल्यावर नऊ दिवसांनी औषध सुरू केलं तरी पुढचा रुमॅटिक ताप टळतो, हे तिथून कळलं. क्युबामध्ये पिनार देल रिओ या प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं शाळा, दवाखाने आणि नोंदवह्या यांची सांगड घालून काम केलं, आणि तापाचं प्रमाण झपाट्याने उतरलं. अलीकडचा पुरावा युगांडातला आहे. बाहेरून काही त्रास नसलेल्या, पण सोनोग्राफीत झडपेवर खुणा दिसलेल्या पाच ते सतरा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले, प्रत्येकी साधारण ४०० मुलांचे. एका गटाला दोन वर्षं दर चार आठवड्यांनी हेच इंजेक्शन दिलं. त्या गटात आजार पुढे सरकलेली मुलं ३ निघाली. इंजेक्शन न मिळालेल्या गटात ३३. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. बाकी जिवाणू एकेक औषध पचवून बसत असताना हा जिवाणू पेनिसिलिनला आजही बधतो. सत्तर-ऐंशी वर्षं वापरूनही हे हत्यार बोथट झालेलं नाही. लस अजून नाही, त्यामुळे हातात आहे ते हेच.

तरीही हे इंजेक्शन देत का नाहीत? याचं उत्तर मला इंजेक्शन रूममध्ये मिळालं. भीतीमुळे. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती मी स्वतः भोगली आहे. अ‍ॅलर्जी आहे का ते बघायला आधी टेस्ट डोस दिल्यावर हातावरचा तो फुगवटा बघत बसलेली पंधरा-वीस मिनिटं मला आजही आठवतात. पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी उठली तर माणूस काही मिनिटांत जातो. आणि माणूस गेला तर पुढे काय होतं, हे तालुक्याच्या दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. काचा फुटतात, सिस्टर आणि डॉक्टर मागच्या दाराने पळतात. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण रात्री अकरा वाजता दवाखान्याबाहेर जमलेल्या दीडशे माणसांना कायद्याचं कलम ऐकू येत नाही. एखाद्या ठिकाणी एक वाईट प्रसंग घडतो, आणि मग त्या दवाखान्यात 'पेनिसिलिन देऊ नये' हा न लिहिलेला नियम होतो. बदलून येणारा प्रत्येक नवा डॉक्टर तो नियम पहिल्याच दिवशी शिकतो.

पण भीतीचं मोजमाप करायला हवं. अकरा देशांतल्या १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र रिअ‍ॅक्शन चौघांना आली आणि एकाचा मृत्यू झाला. म्हणजे दहा हजार इंजेक्शनांमागे एकाच्या आसपास तीव्र रिअ‍ॅक्शन. तो एक मृत्यूही कोणाचं तरी लेकरू होतं, हे मी विसरत नाही. मात्र इंजेक्शन न मिळाल्याने जी जातात ती कुठल्याच अभ्यासात त्या दवाखान्याच्या नावावर चढत नाहीत. ती घरी जातात, वर्षा-दोन वर्षांनी, दम लागून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या आजाराचे जगात साडेपाच कोटी रुग्ण आहेत आणि वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त माणसं त्याने दगावतात. त्यांच्यासाठी कोणी काच फोडत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये या भीतीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, ती आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागायला हवी. झडप फारच बिघडलेल्या, हृदय थकलेल्या रुग्णांमध्ये इंजेक्शननंतर झालेले मृत्यू बऱ्याचदा अ‍ॅलर्जीचे नसावेत. दुखण्याने आणि धास्तीने रक्तदाब एकदम खाली जाऊन कमजोर हृदय थांबल्याचे असावेत. अशा रुग्णांना इंजेक्शनाऐवजी गोळ्या द्याव्यात, आणि बाकीच्यांना उपाशीपोटी, उभ्याने टोचू नये, पाणी पाजून आडवं झोपवून द्यावं, असा तो सल्ला आहे. आम्ही हे अनुभवाने करायचो. एसटीने दोन तास उपाशी आलेल्या मुलाला आधी बिस्किटं आणि पाणी द्यायचं, औषधात थोडं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध मिसळायचं, मग टोचायचं. रडणं कमी व्हायचं, चक्कर यायची थांबायची. तीव्र अ‍ॅलर्जीवर द्यायच्या अ‍ॅड्रिनॅलिनची अ‍ॅम्प्युल आणि भरायची सिरिंज टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावलेली असायची, दिवा गेला तरी हात बरोबर तिथेच जावा म्हणून. सव्वीस वर्षांत मला ती दोनदा लागली. दोन्ही मुलं वाचली. दोन दिवसांचं प्रशिक्षण, दर सहा महिन्यांनी उजळणी आणि संपलेल्या तारखेची औषधं काढून टाकायची शिस्त, एवढ्यावर ही भीती आवाक्यात येते. त्याबरोबर सरकारने लेखी सांगितलं पाहिजे की नियमाप्रमाणे इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टर-सिस्टरच्या पाठीशी खातं उभं राहील. एकट्याने जबाबदारी घ्या म्हटलं तर कोणीच घेणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

औषधाच्या पुरवठ्याची गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती देशाला पेनिसिलिन स्वतः बनवता यावं म्हणून. पुढे चीनहून स्वस्त कच्चा माल येऊ लागला आणि देशातले पेनिसिलिन आंबवण्याचे कारखाने एकेक करून थांबले. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ पुन्हा एक मोठा कारखाना सुरू झाला, तोही केंद्राने प्रोत्साहनाची योजना आणल्यावर. मधल्या काळात '२१ दिवसवाल्या' मुलांच्या आयांनी चिठ्ठी घेऊन तालुक्यातली सगळी मेडिकल पालथी घातलेली मी पाहिली आहे. दुकानदाराला यात सुटत काही नाही, म्हणून तो ठेवत नाही. कंपनीला परवडत नाही, म्हणून ती कमी बनवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या किंमत नियामकाने आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यात याच घराण्यातलं बेंझिल पेनिसिलिन होतं. गरिबांचं औषध महाग झालं म्हणून तेव्हा ओरड झाली. मला तो निर्णय बरोबर वाटला. दहा रुपये जास्त देऊन मिळणारं व्हायल हे स्वस्त पण न मिळणाऱ्या व्हायलपेक्षा केव्हाही चांगलं. फक्त ते दहा रुपये आईच्या कनवटीतून जाता कामा नयेत. राज्याने औषध खरेदीसाठी २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण केलं आहे. रुग्णांची यादी हाताशी असेल तर वर्षाला किती व्हायल लागतील हे सतराच्या पाढ्याने काढता येतं.

एक आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो, आणि तो रास्त आहे. आधीच लोक सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक खातात, तुम्ही आणखी घशाच्या नावाने कुठे दार उघडता? मी ते दार उघडत नाही. बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर तो घसा बहुधा स्ट्रेपचा नसतो आणि त्याला पेनिसिलिन देऊन उपयोग नाही. खोकला नसताना जोराचा ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखरी गाठ, हे सगळं एका शाळकरी मुलात एकत्र दिसलं तर स्ट्रेपचा विचार करायचा. उलट आज मेडिकलमधून चिठ्ठीविना तीन दिवसांच्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या विकल्या जातात. त्या विषाणूवर चालत नाहीत, आणि अशा गोळ्यांना दाद न देणारे स्ट्रेप मात्र जगभर सापडू लागले आहेत. म्हणजे ज्याला औषध नको त्याला ते दुकानातून सहज मिळतं आणि ज्याला जन्मभर हवं त्याला दवाखान्यातून परत पाठवलं जातं.

दुसरा आक्षेप असा की हा आजार आपोआपच मागे हटतोय. घरं मोठी झाली, एका खाटेवर चार मुलं झोपायची थांबली, की तो जातो. हे खरंच आहे. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन यायच्या आधीपासून तो उतरू लागला होता. आपल्या शहरांतही चित्र बदललं आहे. पण ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात तिथल्या आदिवासींमध्ये तो आजही फार मोठ्या प्रमाणात सापडतो, कारण त्यांच्या वस्त्यांत गर्दी तशीच आहे. त्या देशाच्या नॉर्दर्न टेरिटरीत १९९७ पासून या रुग्णांची नोंदवही सुरू झाली, कोणाचं इंजेक्शन कधी आहे ते त्यातून कळतं. आणि आपल्याकडे कोपीत काय असतं? उसाच्या पाचटाची, ताडपत्रीची ती झोपडी, वाकून आत जायचं, आत सहा माणसं, हात धुवायला पाणी लांबून आणलेलं. एकाचा घसा आला की रात्रीत सगळ्यांकडे जातो. घरं सुधारायलाच हवीत, त्यासाठी जे भांडतात त्यांच्या बाजूने मी आहे. पण ज्या मुलीला पहिला झटका येऊन गेला तिला घरकुलाची वाट बघायला वेळ नाही. तिचे दिवस २१-२१ ने मोजले जातात.

मुलींबद्दल आणखी एक बोललं पाहिजे, कारण त्यावर सगळे गप्प असतात. मुलगी लग्नाची झाली की कार्ड पेटीत तळाशी जातं. सासरी कळलं तर सोयरीक मोडेल. ऊसतोडीच्या भागात लग्नं लवकर होतात. नवरा-बायकोची जोडी झाली की कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, पुरा होतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मिळते. मग इंजेक्शन बंद पडतं. आणि पहिल्या बाळंतपणात, सातव्या-आठव्या महिन्यात, रक्ताचा भार वाढला की आकसलेली झडप तो पेलत नाही. रात्री झोपता येत नाही, उशीला टेकून बसून राहते. घरचे म्हणतात, पहिलटकरणीला होतंच असं. भारतातल्या मुलांमध्ये ही झडप विशीच्या आत, कधी त्याहून कितीतरी आधी आकसते, हे दिल्लीच्या डॉक्टरांनी १९६३ मध्येच जगापुढे मांडलं होतं. तरी गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला प्रत्येकीच्या छातीला स्टेथोस्कोप लागतोच असं आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. पेनिसिलिन गरोदरपणात चालतं. हे एक वाक्य सुनेला, सासूला आणि आशाताईला माहीत असतं तर काही घरांत आज आई असती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. शाळा-अंगणवाडीत जाऊन मुलांमधले जे तीस आजार आणि दोष शोधायचे, त्यांत रुमॅटिक हृदयरोगाचं नाव आहे. म्हणजे शोधायची यंत्रणा कागदावर आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षातही आहे. शोधल्यावर काय? मूल जिल्ह्याला पाठवलं जातं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होते, कार्ड मिळतं, आणि तिथून पुढे ते मूल आणि त्याची आई. क्षयरोगाचा रुग्ण २०१२ पासून निक्षयच्या नोंदीत असतो; तो जिल्हा बदलून गेला तर त्याची नोंद त्याच्यामागे जाते. रेशनचं धान्यही आता दुसऱ्या गावात उचलता येतं. हे इंजेक्शन तेवढं मागे का राहावं?

ऊसतोडीच्या मुकादमाची वही मी पाहिली आहे. लाल कापडाच्या बांधणीची, जाडजूड. कुठल्या कोयत्याने किती उचल घेतली, किती फिटली, किती बाकी, मागच्या सालचं किती अंगावर, सगळं तारखेनिशी त्यात असतं. माणूस कर्नाटकात गेला तरी वही त्याला शोधून काढते. त्याच माणसाच्या मुलीचं पुढचं इंजेक्शन कोणत्या तारखेला आहे, हे सांगणारी वही सरकारकडे नाही.

त्या मुलीची झडप एकोणिसाव्या वर्षी बदलावी लागली, सरकारी योजनेतूनच. आता ती माझ्या घराजवळच राहते, शिवणकाम करते. इंजेक्शन चालू आहे. मी निवृत्त झाले तरी मागच्या महिन्यात तिच्याबरोबर गेले होते. नव्या सिस्टरने व्हायल जोरजोरात हलवायला घेतलं, तेव्हा हिनेच तिला थांबवलं आणि तळव्यांत कसं फिरवायचं ते दाखवलं.

दसऱ्यानंतर गाड्या भरतील. त्याआधी बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव या जिल्ह्यांतल्या '२१ दिवसवाल्या' मुलांची यादी करून ज्या-ज्या कारखान्याच्या भागात ती जाणार आहेत तिथल्या आरोग्य केंद्राला नावानिशी पाठवायची, आणि व्हायल्स यादीच्या आधी पोचवायच्या. सांगली असो, कोल्हापूर असो, की सीमेपलीकडचं बेळगाव. आरोग्य खात्याने मनावर घेतलं तर हे याच हंगामात होण्यासारखं आहे.